एका शेंगेतली चौदा भावंडं

चार वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात रामटेकच्या अलीकडे एका मुरमाड टेकडीवर मला कंदीलपुष्पाची वेल सापडली. टेकडीचं नाव सांगत नाही. या वेलीला जमिनीखाली कंद असतो, आणि कंद म्हटला की उकरणारे हात लांबून येतात. दोन-तीन रविवार घालवून अख्खी टेकडी पालथी घातली, तर एकूण वेली निघाल्या सहा. त्यातल्या एकीवर दिवाळीनंतर शेंग दिसली. ती उकलायच्या आत काढून आणली (परवानगी वगैरे लागते हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं), बिया जूनमध्ये गच्चीवरच्या कुंड्यांत टाकल्या आणि मृगाचे दोन पाऊस झाले नाहीत तोच चौदा अंकुर वर आले.

पुढच्या आषाढात त्यातली नऊ रोपं मी टेकडीवर परत नेऊन लावली. सहाची पंधरा झाली. अडीचपट! कॉलेजात मला वनस्पतिशास्त्र शिकवणारे सर आता निवृत्त होऊन धरमपेठेत राहतात, त्यांना कौतुकाने घरी बोलावलं. उरलेल्या पाच कुंड्यांकडे बघत त्यांनी चहा संपवला आणि विचारलं, “शेंगा किती होत्या?”

“एकच.”

“मग ही चौदा रोपं नाहीत गं. चौदा सख्खी भावंडं आहेत. टेकडीवर सहा जणं होती, त्यातल्या एकीला नऊ पोरं झाली. घरं वाढली नाहीत.”

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्यांचं म्हणणं नीट कळायला मला त्या फुलाच्या आत डोकावावं लागलं, आणि तिथून पुढे बरंच लांब जावं लागलं. दुर्मिळ झाडाची नुसती रोपं मोजली तर आपण स्वतःला कसं फसवतो, ते सांगायचंय.

आधी फूल. जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढं. खाली फुगीर घट, त्यावर अरुंद नळी, आणि वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना जुळून झालेला पिंजरा. थेट जुन्या रॉकेलच्या कंदिलासारखं. नाव उगाच पडलेलं नाही. वासाने एखादी चिमुकली माशी येते, पिंजऱ्यातून नळीत शिरते आणि घसरते. नळीच्या आतले केस खालच्या दिशेने झुकलेले, त्यामुळे आत जाता येतं पण वर चढता येत नाही. माशी घटात अडकून पडते, धडपडते. या धडपडीत तिच्या तोंडाला परागाची एक जोडपिशवी चिमट्यासारखी अडकते. एखाद्या दिवसाने केस सुकतात, माशी सुटते आणि पुन्हा दुसऱ्या कंदिलात जाऊन फसते. माशांना अनुभवातून शहाणपण येत नाही, ते या वेलीच्या पथ्यावर पडतं.

आता गंमत परागाच्या पिशवीत आहे. जास्वंदीचे किंवा झेंडूचे परागकण सुटे असतात, पिठासारखे. मधमाशीच्या अंगावर पाच झाडांचं पीठ एकदम असू शकतं, त्यामुळे एकाच फळातल्या बियांचे बाप वेगवेगळे असू शकतात. रुई आणि कंदीलपुष्प यांच्या कुळात तसं होत नाही. इथे शेकडो परागकण एका मेणचट गोळ्यात बंद असतात आणि तो गोळा सगळाच्या सगळा एका फुलातून दुसऱ्यात पोचतो. म्हणून एका शेंगेतल्या सगळ्या बियांची आई एक आणि साधारणपणे बापही एकच. सर शेंगा का मोजत होते ते आता कळलं.

प्रत्येक जनुकाच्या आपल्यात दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. एकाच जनुकाचे वेगवेगळे नमुने असतात. एक नमुना पान थोडं जाड करेल, दुसरा पातळ. एखादा बुरशीला दाद देणार नाही, दुसरा देईल. शास्त्रात या नमुन्यांना अलील म्हणतात. आईकडे कोणत्याही जनुकाचे फार तर दोन नमुने, बापाकडे फार तर दोन. म्हणजे त्यांची पोरं चौदा असोत की चौदाशे, सगळ्यांत मिळून चारच्या वर नमुने असूच शकत नाहीत. टेकडीवरच्या मूळ सहा वेलींत मात्र बारापर्यंत असू शकतात. मी नऊ रोपं लावून नवा नमुना एकही आणला नव्हता. होते त्यातलेच चार पुन्हा पुन्हा छापले होते. वर आणखी एक वाईट गोष्ट केली, तिच्याकडे नंतर येते.

नमुने कमी असले तर बिघडतं काय? या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या नागपूरकरांच्या बागेत उभं आहे.

काटोलकडे माझ्या मामाची संत्र्याची बाग आहे. लहानपणी मला वाटायचं की संत्र्याची बी पेरली की संत्र्याचं झाड येतं आणि काम भागलं. शेंदुरजना घाटच्या नर्सरीतून मामा रोपं आणायचा तेव्हा बघितलं, खाली जंबेरी लिंबाचा खुंट आणि त्यावर चांगल्या झाडाचा डोळा भरलेला. अख्खी बाग म्हणजे थोड्याच मातृवृक्षांच्या नकला. गंमत अशी की बी पेरून उगवलं तरी बहुतेक नक्कलच मिळते, कारण संत्र्याच्या एका बीतून दोन-तीन कोंब येतात आणि त्यातले बरेचसे परागाशी संबंध न येता थेट आईच्या पेशींतून तयार झालेले असतात. जंबेरीचंही तेच. म्हणजे खालचा खुंटही नक्कल आणि वरचा डोळाही. याच एकसारखेपणामुळे नागपुरी संत्र्याची चव टिकली आणि २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कळमन्याच्या बाजारात दर पेटीत वेगळ्या चवीचं फळ निघालं असतं तर कोण विचारणार होतं!

पण एका पावसाळ्यात बागेत डिंक्या शिरला. बुंध्याची साल तडकून डिंक गळायला लागला, पानं पिवळी पडली. मामा ओळीतून चालता चालता म्हणाला, “पोरी, हे हजार झाडं नाही होय. एकच झाड हाय, हजार जागी उभं. एकाले लागलं का साऱ्याईले लागते.”

मामा दहावी नापास आहे. या विषयावर यापेक्षा नेमकं वाक्य मी अजून वाचलेलं नाही.

डिंक्याला कारण होणाऱ्या जीवाचं नाव फायटॉप्थोरा. ग्रीकमध्ये अर्थ होतो ‘झाडांचा नाश करणारा’. याच वंशातल्या दुसऱ्या जातीने १८४५ पासून आयर्लंडचा बटाटा नासवला. तिथले गरीब शेतकरी बहुतांशी ‘लंपर’ नावाचा एकच वाण लावत होते, आणि बटाटा डोळ्यांपासूनच लावतात म्हणून तीही एकाच झाडाची नक्कल. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली. बागेतल्या झाडाला निदान मामा असतो, मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायला. रानातल्या झाडाला कोण?

रानातली झाडं कलम करून लावत नाहीत, मग तिथे नमुने कमी कसे होतात? इथे लोकांना वाटतं की काहीतरी रोग, काहीतरी निवड, काहीतरी कारण असणार. बऱ्याचदा काहीच कारण नसतं. नुसता योगायोग.

आडनावांवरून बघा. पाचशे घरांच्या गावात चाळीस आडनावं असतात. त्याच गावची बारा घरांची टोली दूर शेतात वसली, तर तिच्यात आडनावं सोबत गेली पाच-सहाच. इथेच पहिली गळती झाली. पुढे एका उईक्यांच्या घरी तिन्ही मुली झाल्या, लग्न होऊन गेल्या. उईके आडनाव टोलीतून संपलं. कोणी वाईट वागलं नाही, आडनावात काही खोट नव्हती. मोठ्या गावात उईक्यांची वीस घरं असती, एका घराने काही बिघडलं नसतं. टोलीत एकच होतं. अशा चार पिढ्या गेल्या की सगळी टोली वानखेड्यांची. बाहेरचं कुणी राहायला आलं नाही तर गेलेलं आडनाव परत येत नाही.

लहान वस्तीत जनुकांचे नमुने असेच गळतात. सीवॉल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३१ मध्ये याचं गणित मांडलं, आणि ते इतकं सोपं आहे की पाठ होतं. वस्तीत जितकी झाडं, त्याच्या दुप्पट आकडा घ्या. दर पिढीला विविधतेचा तेवढावा हिस्सा कमी होतो. पाचशे झाडं असतील तर हजारावा हिस्सा, म्हणजे जवळपास काहीच नाही. पन्नास असतील तर शंभरावा. माझ्या सहा वेली असतील तर बारावा. दहा पिढ्यांनी पाचशेच्या वस्तीत ९९ टक्के विविधता शिल्लक असते, सहाच्या वस्तीत ४२ टक्के. कंद वर्षानुवर्षं जगतो, त्यामुळे वेलीची पिढी म्हणजे एक वर्ष नव्हे, तेवढाच काय तो दिलासा.

तोसुद्धा पूर्ण खरा नाही. कारण हे गणित धरून चालतं की प्रत्येक वेल पुढच्या पिढीत सारखाच वाटा देते. खऱ्या जंगलात तसं कुठे असतं? एखादी वेल दगडाच्या कपारीत सुरक्षित, तिला दरवर्षी शेंगा. दुसरीला शेळ्या खातात. तिसरीला फुलंच येत नाहीत. म्हणून अभ्यासक मोजणीचा आकडा आणि ‘प्रभावी’ आकडा वेगळा धरतात. प्रभावी म्हणजे पुढच्या पिढीचे आईबाप म्हणून खरोखर किती जण कामाला आले. जंगली प्राणी-वनस्पतींत हा आकडा मोजणीच्या सरासरी दहाव्या हिश्शाच्या आसपास निघतो. दोनशे झाडं दिसली तर वीस धरा. १९८० साली इयन फ्रँकलिन या शास्त्रज्ञाने जो अंदाज दिला, की तातडीचा धोका टाळायला किमान ५० आणि दूरच्या भविष्यासाठी ५०० हवेत, तेही प्रभावी आकडे आहेत. आता अनेकजण ते दुप्पट करा म्हणतात.

आणि मी काय केलं होतं? एकाच जोडीची नऊ पोरं सहा वेलींत आणून सोडली होती. आता तिथली प्रत्येक माशी बहुधा भावाकडून बहिणीकडेच पराग नेणार. मोजणी सहावरून पंधरावर गेली आणि प्रभावी आकडा उलट खाली आला. हीच ती वाईट गोष्ट. रोपवाटपाच्या कार्यक्रमांत ‘दुर्मिळ वनस्पतींची पाचशे रोपं’ असा फलक दिसला की मी हल्ली आधी विचारते, किती झाडांची? बहुतेक ठिकाणी समोरचा माझ्याकडे वेड्यासारखा बघतो.

इतक्या जवळच्या नात्यात पराग गेला तर काय होतं, हे डार्विनने अकरा वर्षं कुंड्यांत रोपं वाढवून तपासलं आणि १८७६ मध्ये छापलं. स्वतःच्याच परागापासून झालेली रोपं बहुतेक वेळा बुटकी, अशक्त, कमी बियांची निघाली, परक्या परागापासून झालेली धडधाकट. कारण आज कळतं. प्रत्येक जीवात काही बिघडलेले नमुने लपून असतात. दुसरी प्रत चांगली असली तर बिघाड झाकला जातो. नात्यातल्या दोघांकडे तोच बिघडलेला नमुना असण्याची शक्यता जास्त, मग पोराच्या वाट्याला दोन्ही प्रती बिघडलेल्या येतात आणि झाकायला कोणी उरत नाही. डार्विनला याची घरची काळजीही होती. त्याची बायको एमा ही त्याच्या आईच्या भावाची मुलगी. आपल्या भाषेत, मामाची मुलगी. दहापैकी तीन मुलं त्यांनी लहानपणीच गमावली आणि आपल्या लग्नाचा याच्याशी संबंध असेल का, ही शंका त्याला छळत राहिली.

काही झाडं मात्र ही वेळच येऊ देत नाहीत. ती सगोत्र विवाह करतच नाहीत.

हा विनोद नाही. पुष्कळ झाडांच्या फुलात एक ओळखपरेड असते. परागावर एक खूण, स्त्रीकेसरावर एक खूण. दोन्ही जुळल्या तर पराग नाकारला जातो, बी धरत नाही. खूण वेगळी असेल तरच पुढे. वस्तीत अशा खुणांचे वीस-तीस प्रकार असले तर प्रत्येकाला भरपूर स्थळं. आपलं गोत्र फक्त बापाकडून येतं, झाडाची खूण आई आणि बाप दोघांकडून, एवढा फरक सोडला तर उपमा तंतोतंत बसते.

अमेरिकेत शिकागोच्या नैऋत्येला चुनखडीच्या उघड्या खडकावर एक पिवळं फूल येतं, लेकसाइड डेझी. इलिनॉय राज्यात त्याची एकच वस्ती उरली होती, सुमारे तीस झाडांची. झाडं ठणठणीत, दरवर्षी फुलं, फुलांवर मधमाश्या, आणि पंधराहून अधिक वर्षं एकही धड बी नाही. मार्सेला डीमॉरो या संशोधिकेने हाताने पराग लावून बघितला. इलिनॉयच्या झाडाचा पराग इलिनॉयच्याच झाडाला लावला तर बी नाही. ओहायो राज्यातल्या झाडांचा लावला, तर बी धरलं. उरलेली तीसच्या तीस झाडं एकाच गोत्राची होती! खुणांचे बाकीचे प्रकार वस्ती आक्रसताना गळून गेले होते, आणि उरलेली पठ्ठी मुंडावळ्या बांधून वर्षानुवर्षं मंडपात बसली होती, समोर स्थळ नाही. वरवर मोजणी करणाऱ्याने तीस झाडं, प्रकृती उत्तम, असंच लिहिलं असतं. पुढे दोन्ही राज्यांच्या झाडांचा संकर करून १९८८ पासून इलिनॉयमध्ये नवी रोपं लावली.

ही गोष्ट सरांनी सांगितली त्या रात्री मी टॉर्च घेऊन गच्चीवर गेले होते, पाच कुंड्या बघायला. उपयोग काही नव्हता. पण गेले.

आता टेकडीकडे वळू. नागपूर जिल्ह्यात रानफुलांची वस्ती अशी सलग नसतेच. टेकडी, मग मैलभर कपाशी आणि तूर, मग संत्र्याची बाग, मग पडलेले लेआऊट, मग पुन्हा एक टेकडी, तीही अर्धी मुरुमासाठी खाल्लेली. सातबाऱ्यावर यातल्या पुष्कळ जमिनीला ‘झुडपी जंगल’ म्हणतात. हा शब्द पूर्व विदर्भाबाहेर कुणाला फारसा माहीत नाही. सहा जिल्ह्यांत मिळून अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. धड जंगल नाही, धड गायरान नाही, म्हणून वर्षानुवर्षं तिच्यावर वाद चालला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच धरायची असा निकाल दिला, आणि तीन हेक्टरपेक्षा लहान सुट्या तुकड्यांचाही त्यात वेगळा विचार केला. नकाशावर हे तुकडे कोणाला किरकोळ वाटतील. कंदीलपुष्पासाठी प्रत्येक तुकडा म्हणजे बेट.

दोन बेटांमध्ये जनुकं जाणार कशी? वाघ निदान चालत जातो. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली त्याच्यासाठी भुयारी वाटा ठेवल्या, आणि तो त्या वापरतो, कॅमेऱ्यात सापडलाय. वेलीला पाय नाहीत. तिची जनुकं दोनच वाहनांनी जातात. एक, पराग घेऊन जाणारी माशी. ती तिळाएवढी, फवारणी केलेल्या कपाशीचा पट्टा ओलांडून पलीकडच्या टेकडीवर नेमका कंदील शोधेल, यावर मी पैसे लावणार नाही. दुसरं, बी. कंदीलपुष्पाच्या बीला रुईसारखा रेशमी झुपका असतो. लहानपणी आम्ही त्याला ‘म्हातारी’ म्हणायचो आणि फुंकर मारून मागे धावायचो. म्हातारी वाऱ्यावर लांब जाऊ शकते. पण उतरायला तिला मुरमाड उतार हवा. ती बहुधा उतरते सोयाबीनच्या काढलेल्या शेतात नाहीतर कोणाच्या स्लॅबवर.

दिलासा इतकाच की फार वाहतूक लागत नाही. राइटच्याच गणिताप्रमाणे दर पिढीला बाहेरचा एखादा पाहुणा आला आणि त्याने संसार थाटला, तरी दोन वस्त्या एकमेकींपासून पूर्ण तुटत नाहीत. काहीजण म्हणतात एक कमी पडेल, दहापर्यंत धरा. एक असो की दहा, आकडा हाताच्या बोटांवर मावतो. शून्य मात्र चालत नाही.

मग पलीकडच्या टेकडीवरून वेली आणून इकडे लावायच्या का? मी हेच विचारलं. सर “हो” म्हणतील अशी खात्री होती, कारण त्यांनीच मला अमेरिकेत फ्लोरिडातल्या प्युमांची, म्हणजे मोठ्या रानमांजरांची, गोष्ट सांगितली होती. तिथे पंचवीस-तीस जनावरं उरली होती, शेपट्या मुरडलेल्या, हृदयात दोष. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या आणि काही वर्षांत पिल्लं सुदृढ व्हायला लागली, संख्या शंभराच्या पुढे गेली. नव्या रक्ताचा उपाय लागू पडतो, बहुतेक वेळा पडतो.

सर म्हणाले, “थांब. स्थळ आणताना पत्रिका बघायची नाही, पण हवामान बघायचं.”

पूर्वीच्या चेकोस्लोव्हाकियात टाट्रा पर्वतात आयबेक्स नावाचे डोंगरी रानबोकड शिकारीने संपले होते. ऑस्ट्रियातून आणले, ते रुळले. मग कोणाला तरी वाटलं अजून भर घालू, आणि तुर्कस्तान व सिनाईच्या उष्ण भागातले आणले. संकर झाला, पिल्लं झाली. पण उष्ण प्रदेशातल्या रक्तामुळे माज लवकर आला आणि पिल्लं जन्मली ऐन फेब्रुवारीत, टाट्राच्या कडाक्यात. सगळी वस्तीच गेली. जिथली जनुकं तिथल्या ऋतूशी जुळलेली असतात. उद्या मी उत्साहात सह्याद्रीतली कंदीलपुष्पं आणून रामटेकच्या उन्हात लावली तर तोच प्रकार. अभ्यासकांचा ढोबळ नियम असा आहे की दोन वस्त्यांची गुणसूत्रं सारखी असतील, हवामान-माती सारखी असेल आणि त्या गेल्या पाचशे वर्षांतच एकमेकींपासून तुटल्या असतील, तर मिसळण्यात धोका कमी. नागपूर जिल्ह्यातल्या दोन टेकड्यांमधली कपाशी नक्कीच पाचशे वर्षांपेक्षा तरुण आहे.

सह्याद्रीवरून आठवलं. शिंदळ माकुडी ही आपल्या महाराष्ट्राबाहेर जगात कुठेही रानात न उगवणारी मांसल खोडाची वनस्पती, कंदीलपुष्पाची चुलत बहीणच. शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्या जागी कड्यांवर चिकटून राहते. प्रत्येक गड म्हणजे तिचं वेगळं बेट. आणि तिचा फांदीचा तुकडा मातीत खोचला की लगेच मुळं फुटतात. ही सोय आहे आणि सापळाही. एका झाडाचे तुकडे वाटत गेलं तर गावोगावच्या बाल्कन्यांत शंभर माकुड्या होतील आणि मामाच्या हिशोबाने ती एकच माकुडी असेल. पाच गडांवरची पाच-पाच झाडं आणली तर रोपं पंचवीसच, पण माल खरा.

प्रामाणिकपणे उलट बाजूही सांगते. विविधता जवळपास नसतानाही तगून राहिलेली झाडं आहेत. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या घळीत १९९४ मध्ये वॉलेमाय पाइन सापडला. जीवाश्मांतून माहीत असलेल्या कुळातलं झाड जिवंत उभं. शंभराहून कमी मोठी झाडं, आणि तपासलेल्या झाडांच्या जनुकांत फरक जवळजवळ सापडेना. तरी हजारो वर्षं उभी होती. एकटेपणात कोणी त्रास दिला नाही तर एकसारखेपणही निभावतं. पण २००५ मध्ये त्या घळीत, बहुधा कोणा आगंतुकाच्या बुटांच्या मातीतून, रोग शिरला. फायटॉप्थोरा. काटोलहून सिडनीपर्यंत नातेवाईक सगळीकडे.

तर सध्या काम असं चाललंय. वनखात्याकडे रीतसर अर्ज केला, कारण टेकडी झुडपी जंगलात निघाली. पलीकडे बारा किलोमीटरवरच्या दुसऱ्या टेकडीवर चार वेली सापडल्या आहेत. सरांनी बजावलंय, वेल आणायची नाही, आधी पान आणायचं. प्रत्येक वेलीच्या पानाचा नखाएवढा तुकडा सिलिका जेलच्या पुडीत, तीच पुडी जी नव्या बुटांच्या खोक्यात निघते. पान हिरवं असतानाच झटकन वाळतं आणि आतला डीएनए टिकतो. माझ्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी असा डबा आहे, त्यावर ‘खाऊ नये’ लिहिलंय. पुढे प्रयोगशाळेत डीएनएवरच्या ठराविक जागा तपासतात, जिथे दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. कोणात अकरा वेळा, कोणात चौदा वेळा. अशा दहा-पंधरा जागांचे आकडे मांडले की कोण कोणाचं भावंड ते कळतं. बियांसाठीही नियम ठरलाय. जमलं तर पन्नास वेगवेगळ्या वेलींच्या, नाहीतर जेवढ्या आहेत तेवढ्या सगळ्यांच्या. प्रत्येक शेंगेचं पाकीट वेगळं.

माझ्या लावलेल्या नऊंचं काय करायचं, हा प्रश्न होताच. उपटायला मन होईना. सर म्हणाले, “उपटू नकोस, दोरा बांध. म्हणजे पुढे कोणी मोजलं तर फसणार नाही.” म्हणून गेल्या रविवारी लाल दोऱ्याचं रीळ घेऊन टेकडीवर गेले. नऊपैकी तीन शेळ्यांनी संपवली होती, उरलेल्या सहांच्या बुडाशी सैल दोरे बांधले. जुन्या सहा वेलींना पांढरा दोरा. उतरताना एका खडकाच्या सावलीत चार पानांचं एक रोप दिसलं. माझं नव्हतं, मी त्या बाजूला लावलंच नव्हतं, आणि जुन्या यादीतही नव्हतं.

त्याला दोरा कुठला बांधायचा कळेना. तसंच सोडलं. खालचं एक पान तेवढं खुडलं आणि पाकिटावर लिहिलं, ‘वेल १३. आई-बाप?’